वहीत गैरहजर कुणी नाही

करंजवाडी, ता. आटपाडी
२४ नोव्हेंबर १९७३

मास्तर,

रामराम. तुमची सांगलीला बदली झाल्यापासून इथं माझं शुद्धलेखन कुणी तपासत नाही, तेव्हा चुका पोटात घाला. घरी सगळे बरे आहेत. विजयमालेनं राजमतीवहिनींसाठी शेंगांची चटणी करून ठेवलीय, सांगलीला जाणारं कुणी भेटलं की येईल. दुष्काळानंतर यंदा तलाव निम्मा भरला, पाटाला पाणी सुटलं आणि पाण्यामागं भांडणंही सुटली. पत्राचं कारण तेच आहे.

अठरा तारखेला सांजेला आकाराम पाटकरी पाटाच्या दारापाशी मार खाऊन पडलेला सापडला. तुम्हाला आठवत असेल, पाळीप्रमाणं ज्याच्या त्याच्या रानात पाणी सोडायचं काम त्याचं. डोकं फुटलंय, उजवा पाय घोट्यातून निखळलाय. मिरजेच्या दवाखान्यात नेलंय. त्याची बायको मनुबाई गावभर सांगत सुटलीय की आपल्या गुंडानं मारलं. म्हणे गुंडानं पाळी नसताना पाणी मागितलं आणि आकारामनं दार उघडलं नाही.

गुंडा कोण हे तुम्हाला सांगायला नको, तरी सांगतो. त्याचा बाप आणि मी एका पलटणीत. पासष्टच्या लढाईतून मी परत आलो, तो आला नाही. तेव्हापासून ते पोरगं माझ्या घरात भाकरी खाऊन वाढलं. आज पकडीला असा गडी सातारा-सांगलीत दुसरा नाही. अशा पोरावर बालंट आलं की आपल्या कबड्डी मंडळानं काय करायचं? माझ्या मते पाठीशी उभं राहायचं, दुसरं काय.

फौजदार आला होता. मी आपली हजेरीची वही त्याच्यापुढं ठेवली. अठरा नोव्हेंबर, सांजेचा सराव, बारा गडी, बाराही हजर, तिसरं नाव गुंडाचं. त्यानं पान दोनदा वाचलं, "हवालदार, वही अगदी लष्करी ठेवलीय," म्हणाला, आणि चहा पिऊन गेला.

आता तुमचं काम. जानेवारीत साताऱ्याला कबड्डीच्या स्पर्धा आहेत. संयोजकांच्या कानावर ही भानगड गेली आणि ते गुंडाच्या चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागतात, तोही मंडळाच्या मार्गदर्शकाच्या सहीचा. आपल्या छापील कागदावर मार्गदर्शक म्हणून अजून तुमचंच नाव आहे. चार ओळी लिहून पाठवा.

तुमचा,
हंबीरराव


सांगली
२ डिसेंबर १९७३

प्रिय हंबीरराव,

रामराम. दाखला पाठवत नाही. रागावण्याआधी पुढचं वाचा.

तुमचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी मिरजेला जाऊन आलो. आकाराम डोळे उघडतो, माणूस ओळखतो, पण बोलता येत नाही. मनुबाई खाटेशेजारी फरशीवर बसून होती. मला बघून उठली आणि म्हणाली, "मास्तर, तुमीच शिकिवलंय न्हवं त्या गुंडाला?" मी काय ते विचारलं. ती म्हणाली, "मी जोंधळ्याच्या कडंनं येत हुते. त्यानं ह्यांचा घोटा धरला, वर उचलला नि मागं रेटलं. डोस्कं दगडावर आपाटलं. पडल्यावर बी पाय सोडंना. पिळत हुता. नि तोंडातनं चकार शबूद न्हाई."

घोटा धरून उचलायचा डाव मी शिकवला, हंबीरराव, शाळेमागच्या मैदानात, माती भिजवून. मला तिच्याकडं बघवेना.

आता वहीचं. त्या वहीत कोण कधी गैरहजर असतं? पासष्टला तुम्ही सीमेवर होतात आणि हजेरी मी घ्यायचो. तुमचं नाव आलं की पोरं गप्प व्हायची. तुमची खबर नव्हती. एका सांजेला ती शांतता मला सोसली नाही आणि मीच म्हणालो, "हाय." दुसऱ्या दिवशी सगळी पोरं ओरडली. तुम्ही परत आलात, पण रीत पडली ती पडलीच. जो आला नसेल त्याच्या नावाला शेजारच्यानं "हाय" म्हणायचं आणि वहीत हजर लिहायचं. तापानं फणफणलेला हजर, वऱ्हाडाबरोबर गेलेला हजर. आठ वर्षांत त्या वहीत गैरहजर हा शब्द नाही. आपल्याला त्याचं केवढं कौतुक. फौजदाराला ही रीत ठाऊक नाही, तुम्हाला आहे.

म्हणून एकच विचारतो. त्या सांजेला गुंडाच्या नावाला "हाय" कोण म्हणालं? तो स्वतः, की दुसरं कुणी?

मंडळानं काय करावं, हेही विचारलंत म्हणून लिहितो. गुन्हा कुणाचा ते कोर्ट ठरवेल. आपल्याला त्याला शिक्षा करायचा अधिकार नाही, पण निर्दोष ठरवायचाही नाही. आपला बनियन अंगावर चढवून त्याला मैदानात उतरवलंत, तर मंडळानं निकाल दिल्यासारखाच झाला. त्याला भाकरी द्या, वकील द्या, सरावही करू द्या. कोर्टाचं होईस्तोवर बनियन तेवढा देऊ नका. तो निर्दोष असेल तर त्याचे चार सामने जातील. नसेल तर आपण काय घालवून बसू, याचा विचार करा.

तुमचा,
बाहुबली


करंजवाडी
९ डिसेंबर १९७३

मास्तर,

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. पलटणीत आम्ही जखमी माणूस मागं टाकून येत नव्हतो. तुम्ही तर धडधाकट माणसाला टाकून द्या म्हणता. पुस्तकं वाचून माणूस शहाणा होतो म्हणतात, पण थंडही होतो काय?

तरी तुमच्या शब्दाला मान म्हणून मंडळाची बैठक घेतली. तुमचं म्हणणं नाव न घेता मांडलं. एकटे आप्पासो तुमच्या बाजूनं बोलले. म्हणाले, "पोरगं बसवा. खरं-खोटं ठरंस्तवर बसवा. येवढं काय त्यात?" बाकी सगळे खाली बघत होते. मग गुंडाच उभा राहिला. "मला बसवायचं तर बसवा. मी कुणाला अडवतोय? पर बसवणाऱ्यानं पाटाकडं एकट्यानं जाऊ नये. दिवस वंगाळ हायती." बघा, स्वतःवर एवढं बालंट असताना पोराला दुसऱ्याची काळजी. हात वर करायला सांगितलं तेव्हा अकरा हात गुंडाच्या बाजूनं आले. आप्पासोंचाही शेवटी आला.

परवा आप्पासोंची कडब्याची गंजी जळाली, दुपारी. कुणीतरी विडी टाकली असणार. दुष्काळातून जगवलेली जनावरं, आता खायला काही नाही. आम्ही सगळ्यांनी दोन-दोन भारे नेऊन दिले. सर्वांत जास्त गुंडानं दिले, पाच. आप्पासो हात जोडून उभे होते. बिचारे हबकलेत.

वहीचं तुम्ही विचारलंत. वही लिहिलेली आहे तशी आहे.

हंबीरराव


सांगली
२१ डिसेंबर १९७३

प्रिय हंबीरराव,

आकाराम परवा गेला. तुम्हाला कळलं असेलच. मी तिथं होतो. मनुबाई रडली नाही. तिनं त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं, सुजलेला घोटा झाकला आणि मला म्हणाली, "आता तरी कुणी इचारंल का?" लाज वाटली, तुमचीही आणि माझीही.

तुमच्या पत्रातली बैठक मी पुन्हा पुन्हा वाचली. हंबीरराव, तुम्ही रणगाड्यांचे आवाज ऐकून अंतर सांगायचात. गुंडा बैठकीत जे बोलला ती काळजी होती, असं तुम्हाला खरंच वाटतं? आणि भर दुपारी, भरवस्तीत, नेमकी आप्पासोंचीच गंजी? पाच भारे देताना त्यानं आप्पासोंकडं कसं पाहिलं, ते तुम्ही लिहिलं नाहीत. आप्पासो हात का जोडून उभे होते?

आता खुनाचा खटला होईल. साक्षीदार एकटी मनुबाई आणि तिच्यासमोर आपली वही. मी परत विचारतो, कारण हे आता मारामारीचं राहिलं नाही. गुंडाच्या नावाला "हाय" कोण म्हणालं?

बाहुबली


करंजवाडी
१७ जानेवारी १९७४

मास्तर,

ढाल आणली. साताऱ्याला अंतिम सामन्यात अकरा गुणांनी जिंकलो. गावानं वेशीपासून लेझीम लावली. गुंडाला आठ दिवस कोठडीत ठेवलं होतं, पण वही पाहून जामीन झाला आणि पोरगं सामन्याला वेळेवर पोचलं.

एक कबूल करतो. दाखला मीच लिहिला आणि खाली "मार्गदर्शकांच्या वतीने" असं घालून तुमचं नाव टाकलं. तुमच्यावर आपला हक्क आहे असं समजून केलं. फार तर दोन शिव्या द्या.

आनंद लिहायला बसलो होतो, पण तुमच्यापाशी लपवून ठेवायची सवय नाही. अंतिम सामन्यात साताऱ्याचा एक कोवळा गडी चढाईला आला. गुंडानं घोटा धरला. पंचानं शिट्टी दिली, गडी बाद झाला, तरी यानं पाय सोडला नाही. तो पोरगा ओरडत होता. मी रेषेवरून हाक मारली तेव्हा सोडला आणि माझ्याकडं बघून हसला. पोराचा पाय मोडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. हात आपोआप वाजले.

आपला कप्तान ज्ञानू परतीच्या एस.टी.त चढला नाही. ढाल माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "अण्णा, मी वडूजला मामाकडं ऱ्हातो. माझं नाव वहीतनं काढा." इतक्या वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. कारण विचारलं तर सांगेना. इथं मैदानावरही हल्ली आवाज कमी झालाय. गुंडा आला की पोरं आपापल्या जागी जाऊन उभी राहतात. मी त्याला शिस्त म्हणतो.

गुंडा माझी मात्र फार सेवा करतो. आटपाडीहून टपालसुद्धा तोच आणून देतो. हल्ली पाकिटांना डिंक फार कच्चा लावतात, तुमचं मागचं पत्र हातात आलं तेव्हा उघडंच होतं.

हंबीरराव


सांगली
२८ जानेवारी १९७४

हंबीरराव,

माझं नाव त्या कागदावरून काढून टाका. छापील कागद उरले असतील तर शाईनं खोडा. शिव्या देत नाही. शिव्या आपल्या माणसाला देतात, आणि आज तुम्ही मला आपले वाटत नाही.

साताऱ्याच्या त्या पोराचा पाय मोडला त्यात माझ्या नावाचा वाटा आहे. मी नाही म्हणालो होतो, तरी आहे. जो माणूस मैदानाबाहेर थांबला नाही, तो मैदानात शिट्टीला थांबेल असं तुम्ही धरून चाललात. तुम्ही त्याला वाचवलं नाही. त्याला कुणी अडवत नाही, एवढंच त्याला दाखवून दिलंत.

एक विनंती आहे, शेवटची. वही फौजदाराला दाखवलीत, जामिनाला दाखवलीत. शपथ घेऊन कोर्टात तिच्याबद्दल बोलू नका. तुम्हाला शपथेचा अर्थ कळतो. म्हणून सांगतो.

पाकिटाचा डिंक मी स्वतः घट्ट कालवून लावला होता. तो कच्चा नव्हता.

बाहुबली


करंजवाडी
२ ऑक्टोबर १९७४

मास्तर,

आठ महिने पत्र नाही, दोघांचंही. माझी चूक आहे. तुम्ही हे वाचाल की फाडाल ठाऊक नाही, तरी लिहितो.

गेल्या आठवड्यात सांगलीच्या कोर्टात माझी साक्ष झाली. शपथ घेतली. वकिलानं वही उंच धरून विचारलं, "ही तुम्हीच लिहिता?" होय म्हणालो. "अठरा नोव्हेंबरला आरोपी सरावाला हजर होता?" होता म्हणालो. सरकारी वकिलानं विचारलं, "वहीत कधी खोटी नोंद केलीय?" नाही म्हणालो. त्यांनी पुढं काही विचारलं नाही, त्यांना विचारायचं काय तेच माहीत नव्हतं. मनुबाई मागच्या बाकावर होती. तिनं माझ्याकडं रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती ऐकत होती. बाहेर पडल्यावर तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो आणि परत फिरलो.

तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोनदा टाळलं. त्या सांजेला गुंडाच्या नावाला "हाय" मी म्हणालो.

असं झालं. नाव घेतलं, उत्तर नाही. त्याची जागा मोकळी. दोन दिवसांपूर्वी त्यानं सरावात ज्ञानूचं तोंड फोडलं होतं, म्हणून त्याच्यासाठी तोंड उघडायला कुणी तयार नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मैदानावर कुणाच्या नावाला उत्तर आलं नाही, आणि तेही नेमकं त्या पोरक्या पोराच्या नावाला. मला ते लागलं. त्याचा बाप डोळ्यापुढं उभा राहिला. मी म्हणालो, "हाय," आणि लिहिलं. त्या वेळी त्यात लबाडी नव्हती मास्तर, माया होती. सराव संपता संपता तो आला. विजार गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली. दम लागलेला नव्हता. मला म्हणाला, "अण्णा, माझी हजेरी लागली?" मी म्हटलं, लागली. तो हसला. दुसऱ्या दिवशी आकारामचं कळलं तेव्हा मला ते हसू कळलं. कळलं तरी मी फौजदारापुढं वही ठेवली. एकदा ठेवल्यावर ती मागं घेता येईना.

निकाल सोमवारी, एकवीस तारखेला आहे. लोक म्हणतात सुटणार. गुंडा तर आत्तापासून सांगतो, सुटला की मनुबाईचं घर पाटाच्या वाटेवरून हलवायचं. "त्या बाईचा हिशोब ऱ्हायलाय," म्हणतो, सगळ्यांदेखत, जेवता जेवता. तो आता माझ्याच सोप्यात राहतो. मला त्याची भीती वाटते. लढाई पाहिलेला माणूस मी, माझ्या घरात मी वाढवलेल्या पोराला भितो. विजयमाला दिवसाही आतून कडी घालते.

हे पत्र तिच्या हातून आटपाडीच्या बाजारात टपालात टाकतोय. उत्तर पाठवलंत तर तिच्या नावानं पाठवा. माझी पत्रं तो फोडतो हे मला उशिरा कळलं, पण बाईच्या नावाचं तो फोडणार नाही. वाचून हे पत्र जाळा असं लिहिणार होतो. लिहीत नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा.

तुमचा,
हंबीरराव


सांगली
६ ऑक्टोबर १९७४

प्रिय हंबीरराव,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुम्ही परत आलात असं वाटलं, पासष्टला वाटलं होतं तसं.

आता उशीर करू नका. कुठल्याही सबबीनं घराबाहेर पडा, विजयमालावहिनींना सोबत घ्या आणि इकडं या. आपण दोघं मिळून सरकारी वकिलांकडं जाऊ. तुम्ही तोंडानं सांगितलंत तर कोर्ट निकालाआधी ऐकेल. खोट्या साक्षीची शिक्षा होईल, ती होऊ द्या. मी रोज भेटायला येईन. ती रीत मी सुरू केली, हे मीही कोर्टात सांगणार आहे.

तुमचं पत्र माझ्या कपाटात जपून ठेवलंय. तुम्ही येईपर्यंत ते कुणाला दाखवणार नाही. मनुबाईला मी इकडं आणून तिच्या बहिणीकडं पोचवलंय, ती चिंता सोडा.

वाट पाहतो.

बाहुबली


करंजवाडी
१२ ऑक्टोबर १९७४

आदरणीय मास्तर,

साष्टांग नमस्कार. माझं अक्षर तुम्ही ओळखाल, तुम्हीच गिरवून घेतलंय.

काकींच्या नावानं आपलं पत्र आलं. मला नवल वाटलं, कारण काकींना आजवर कुणाचं पत्र आलेलं नाही आणि त्यांना वाचता येत नाही. घरात वाचणारा मीच, म्हणून मीच त्यांना वाचून दाखवलं. त्या खूप रडल्या. बायकांचं मन हळवं असतं.

अण्णांना बरं नाही. त्यांना लिहिता येत नाही आणि बोलायची बंदी आहे. आम्ही त्यांना एकटं सोडत नाही. मंडळाची दोघं-तिघं सतत जवळ असतात. म्हाताऱ्या माणसाला भास होतात. मनात येईल ते कागदावर लिहितात आणि मग स्वतःलाच त्रास करून घेतात. अशी त्यांची जेवढी पत्रं आपल्याकडं असतील तेवढी एका दोऱ्यात बांधून ठेवावीत. मी रविवारी, वीस तारखेला, येऊन घेऊन जातो. एवढी कृपा केलीत तर अण्णांची तब्येत सुधारेल. नाही केलीत तर सुधारेल असं वाटत नाही.

खटल्याच्या तारखांना सांगलीला आलो तेव्हा आपलं घर बघून ठेवलंय. राजमतीकाकी सकाळी एकट्याच जैन बस्तीत दर्शनाला जातात. त्यांना नमस्कार सांगावा.

आपला विद्यार्थी,
गुंडा


सांगली
१६ ऑक्टोबर १९७४

सरकारी वकील,
सत्र न्यायालय, सांगली.

महाशय,

काल तोंडी सांगितलं ते लेखी देतो. सोबत हवालदार हंबीरराव यांची मला आलेली चार पत्रं आणि गुंडाचं एक पत्र जोडलं आहे, सगळी मूळ. दोन ऑक्टोबरचं पत्र आधी वाचावं. हजेरीच्या वहीत गैरहजर माणसालाही हजर लिहायची रीत १९६५ साली मी पाडली. तसं शपथेवर सांगायला मी तयार आहे. हंबीररावांना खोट्या साक्षीबद्दल शिक्षा होईल, हे जाणून मी पत्रं देत आहे. ते माझे सर्वांत जवळचे मित्र आहेत.

आपण म्हणालात, गावात पोलीस पाठवले तर वेशीवर दिसताच हंबीररावांच्या जिवाला धोका आहे. मलाही तेच वाटतं. त्यांना त्या घरातून बाहेर काढणारा माणूस एकच आहे आणि तो गुंडा आहे. म्हणून मी आज त्याला एक पत्र टाकतो आहे. त्यात पत्रं अजून माझ्याकडं आहेत असं लिहिलं आहे. ते खोटं आहे. जाणूनबुजून खोटं मी यापूर्वी एकदाच बोललो, एकच शब्द, आणि त्याचं काय झालं ते या कागदांत आहेच. या वेळी त्यातून एक माणूस वाचावा एवढीच इच्छा आहे. तो तुरुंगात जाईल, जाऊ दे. जिवंत जाऊ दे.

रविवारी दुपारपासून आपली माणसं साध्या कपड्यांत माझ्या समोरच्या घरात असावीत. घरमालकांशी बोललो आहे. राजमतीला तिच्या भावाकडं पाठवलं आहे. हंबीरराव सोबत आले तर मी दार उघडेन, तीच खूण. गुंडा एकटाच आला तर हंबीरराव या जगात नाहीत किंवा राहणार नाहीत असं समजावं, माझी काळजी करू नये आणि गाडी तडक करंजवाडीला पाठवावी.

आपला,
बाहुबली चौगुले


सांगली
१६ ऑक्टोबर १९७४

चि. गुंडा,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. अक्षर अजून चांगलं आहे.

अण्णांची सगळी पत्रं माझ्याकडंच आहेत. सांगितलंस तशी दोऱ्यात बांधून ठेवली आहेत. कुणाला दाखवलेली नाहीत. मी मास्तर माणूस, कोर्टकचेरीत पडायचं माझं वय नाही आणि धाडसही नाही. तू सुटलास आणि आम्हाला आमच्या घरात सुखानं राहू दिलंस, एवढं मला पुरे आहे.

फक्त एक अडचण आहे. पत्रं त्यांनी मला लिहिली, तेव्हा परत देईन ती त्यांच्याच हातात. म्हातारपणी मनाला असल्या खोडी लागतात, तू समजून घे. त्यांना बरं नसेल तर आटपाडीहून मोटार कर. काकींनाही आण, वाटेत त्यांची देखभाल होईल. ते चालत माझ्या दारापर्यंत आले की गठ्ठा देतो आणि विषय संपला.

दिवस मावळायच्या आत या. आमच्याकडं त्यानंतर जेवण नसतं, तुला माहीत आहे. तिघांचा स्वयंपाक सांगून ठेवतो.

मी रविवारी दुपारपासून दाराशी बसलेला असेन. अण्णा सोबत दिसले तर दार उघडेन. एकटा आलास तर उघडणार नाही.

तुझा,
मास्तर